थंडीतल्या हौशी सायकलवाल्यांसोबत रस्ता कसा वाटून घ्यायचा?

प्रश्न असा: सोलापुरात रोज सायकलने कामाला जातो, पण डिसेंबर उजाडला की नवशिके सायकलवाले अचानक आडवे येतात, काय करावं?

आधी दिलासा देतो, होळीनंतर निम्मे गायब होतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की विजापूर रोडवर पुन्हा आपण आणि दूधवालेच!

तोवर एक गोष्ट पक्की धरा. नवशिका मागे वळून बघतो तेव्हा खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं आणि सायकल उजवीकडे सरकते. म्हणून त्याच्या उजव्या बाजूने निदान हातभर, जमलं तर दीड हात अंतर सोडूनच पुढे जा. घंटी आठ-दहा मीटर आधीच वाजवा. कानाशी वाजवली तर तो दचकून नेमका तुमच्याच अंगावर येतो. डावीकडून घुसू नका, खड्डा किंवा थांबलेली रिक्षा दिसली की तो कुठे वळेल याचा नेम नाही.

सात रस्ता चौकात सिग्नल सुटताना त्याला आधी जाऊ द्या. गिअर जड ठेवून थांबलेला असतो, सुटताना डगमगतो.

खरी भीती वेगळीच आहे. थंडी म्हणजे उसाचा हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापते, हे नव्या माणसाला माहीतच नसतं. असा कुणी ट्रॉलीच्या कडेला चिकटलेला दिसला तर ओरडून सांगा, "अहो, मागे राहा!" राग आला तर येऊ दे.

आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा होम मैदानाकडे सायकल हातात धरूनच चाला. मीही तेच करतो.