एका दिवसाचं शहर

गेल्या अंकात नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेसेजचा नुसता पाऊस पडला. निम्मे "फॉर्मची लिंक पाठवा सर" असे होते, ते बाजूला ठेवले. उरलेल्यातले चार घेतोय. एक पत्र थेट अमेरिकेतून आलंय, पण वाचल्यावर लक्षात येईल की दुखणं तेच आहे, फक्त गाव लांबचं.

प्रश्न : सर, माझी मुलगी गावातल्या झेडपीच्या शाळेत चौथीला आहे, हुशार आहे असं बाईच म्हणतात. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला गावातली सगळी पोरं एसटीनं तालुक्याच्या हायस्कूलला जातात, हिचंही तेच ठरलंय. परवा कुणीतरी म्हणालं, तिकडे घातली तर नवोदयला ती शहरी धरतील. आम्ही राहतो शेतात, घरात दोन म्हशी, मग शहरी कशा झालो? – एक आई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, ज्यानं सांगितलं त्याला एकदा चहा पाजा, कारण त्यानं वेळेत सांगितलंय. बहुतेकांना हे फॉर्म भरताना कळतं, काहींना तर निकाल लागल्यावर कागद तपासतात तेव्हा.

नियम असा आहे. नवोदयच्या सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण म्हणजे कोण, तर ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. घर कुठं आहे, शेत किती, म्हशी किती याच्याशी काही देणंघेणं नाही, शाळा कुठं आहे एवढंच बघतात. आणि या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी. एक दिवस! मी पहिल्यांदा माहितीपुस्तिकेत वाचलं तेव्हा छापायची चूक असेल असं वाटलं होतं.

नियम केला त्यांचा हेतू वाईट नव्हता हे आधी सांगतो. १९८६ च्या शिक्षण धोरणातून ही शाळा आली, त्याच्याआधी देशात प्रयोग म्हणून दोनच काढल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार पोराला पैशाअभावी चांगली निवासी शाळा मिळत नाही, ती सरकारनं द्यावी, अशी सरळ कल्पना. आणि शहरातल्यांनी पाचवीपुरतं खेड्यात नाव टाकून जागा लाटू नये म्हणून तीन वर्षांची अट. पण आपल्याकडं कितीतरी गावांत झेडपीची शाळा चौथीलाच संपते आणि पाचवीचा वर्ग हायस्कूलला जोडलेला असतो, हायस्कूल असतं तालुक्याला, आणि तालुक्याला असते नगरपालिका. म्हणजे जी पोरगी सकाळी साडेसहाला उठून, डबा घेऊन, एसटीच्या दांडीला लोंबकळत शिकायला जाते ती कागदावर शहरी, आणि जिच्या गावात योगायोगानं पाचवीचा वर्ग आहे ती ग्रामीण. चोर पकडायला लावलेल्या जाळ्यात घरचीच माणसं अडकली म्हणायचं.

त्यात अजून एक फाटा. अलीकडच्या दहाबारा वर्षांत बऱ्याच मोठ्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. गावात बदललं काय, तर पाटी. खड्डे तेच. पण शहरी ठरवताना २०११ ची जनगणना बघतात आणि त्यानंतर सरकारनं काढलेली अधिसूचनाही बघतात, त्यामुळं "आमचं खेडंच आहे हो" हे तिथं चालत नाही.

आता तुम्ही काय करायचं. आजूबाजूच्या गावांत, म्हणजे नगरपालिका-नगरपंचायत नसलेल्या गावात, पाचवीचा वर्ग कुठं आहे ते शोधा, चारपाच किलोमीटरवर बहुधा सापडतो, आणि तिथं जून महिन्यापासूनच नाव घाला, मधे बदल नको. तो त्याच जिल्ह्यातला हवा, कारण पाचवी ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. दुसरं, मुख्याध्यापक आणि सरपंच दोघांना घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जा आणि गावातच पाचवीचा वर्ग मागा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हे अर्जात ठळक लिहा. एकट्या आईनं जाऊ नका, एकटी आई गेली की "बघू" म्हणतात.

आणि समजा यातलं काहीच नाही जमलं तरी फॉर्म भराच. उरलेल्या २५ टक्के जागा सगळ्यांना खुल्या असतात, तिथं शहरी शिक्का असला तरी बसता येतं. स्पर्धा कडक, पण दार बंद नाही. मुलींसाठी एक तृतीयांश जागा असतात हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : आम्ही शहरात राहतो, मुलगा दुसरीत इंग्लिश मीडियमला आहे. आमच्या कॉलनीतले दोघंतिघं मुलांचं नाव गावाकडच्या झेडपी शाळेत लावून ठेवतात आणि मुलं इथं क्लासला जातात, हजेरीचं ते तिकडं बघून घेतात. सगळेच करतात तर आम्ही का नको? पकडलं जातं का? – नाव देऊ नये, नांदेड

उत्तर : नाव देत नाही, पण दादा तुम्ही पकडलं जातं का एवढंच विचारलंत, बरोबर आहे का हे विचारलं नाहीत, म्हणजे ते तुम्हाला माहितीच आहे.

पकडलं जातं. कधी कागदात, कधी गावातलाच कुणीतरी तक्रार करतो आणि तो करणारच, कारण त्याचा पुतण्या वेटिंगला असतो. खोटा दाखला निघाला तर प्रवेश जातो आणि दाखल्यावर सही करणाऱ्या गुरुजींची नोकरी टांगणीला लागते. मी स्वतः तीस वर्षं झेडपीत काढली, अशा सहीसाठी माझ्या दारात पेढ्यांचा बॉक्स आलेला आहे, पाहुण्याच्या पाहुण्याकडून. बॉक्स परत गेला, पाहुणा अजून बोलत नाही.

मुलाला खरंच गावात आजीआजोबांकडं ठेवून तिथंच शिकवणार असाल तर खुशाल करा, त्यात काही गैर नाही, तो खरा ग्रामीण. वर्गात बसणार नसेल तर नको. सरळ खुल्या जागांवर बसवा.

प्रश्न : काका, आम्ही व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलगी सातवीत, गणितात खूप पुढे, शाळेत पुढचं गणितही मिळतं. इथे थॉमस जेफरसन नावाचं सरकारी हायस्कूल आहे, हुशार मुलांचं, सगळे टीजे म्हणतात. पूर्वी प्रवेश परीक्षा होती, ती काढून टाकली आणि आता प्रत्येक मिडल स्कूलला कोटा आहे. आमच्या शाळेत इतकी हुशार मुलं आहेत की कोट्यात नंबर लागणं अवघड. मंडळाच्या गणपतीत यावरून दोन गट पडले, मोदक राहिले बाजूला. परीक्षाच जास्त न्याय्य नव्हती का? नवोदयला आहे तशी? – एक आई, व्हर्जिनिया

उत्तर : मोदक वाया गेले याचं वाईट वाटलं.

तुमच्याकडं झालं ते इथल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २०२० साली त्यांनी परीक्षा आणि शंभर डॉलरची फी दोन्ही काढलं, आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. मार्क चांगले हवेतच, निबंध लिहावे लागतात, घरची परिस्थितीही बघतात. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं केस ऐकायलाच नकार दिला.

तुमचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार मुलीला घेऊन बसायचं आणि खेळाचे नियम मधेच बदलायचे, कुणालाही लागेल. पण त्याच आकड्यांच्या आत अजून एक आकडा आहे जो भांडणात कुणी काढत नाही. गरीब घरातली आशियाई मुलं आधीच्या वर्षी एक निवडली गेली होती, नव्या पद्धतीत ५१. ती पण आपल्यासारखीच, फक्त त्यांचे आईवडील आयटीत नाहीत, दुकानात किंवा हॉटेलात आहेत, आणि त्यांच्या मिडल स्कूलमधून टीजेला अर्ज करायचा असतो हेच घरात कुणाला माहिती नसायचं.

परीक्षा न्याय्य की कोटा न्याय्य हा वाद मला अर्धवट वाटतो, कारण गाळणी परीक्षेच्या आधीच लागलेली असते. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटी म्हणून आहे. तिथं हुशार मुलांच्या वर्गासाठी आधी पालक नाहीतर शिक्षक नाव सुचवायचे, मग बुद्धिमापन चाचणी. २००५ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की दुसरीतल्या सगळ्याच मुलांना वर्गातच एक आकृत्यांची छोटी चाचणी द्यायची, भाषा फारशी लागणार नाही अशी, आणि त्यात चमकतील त्यांना पुढं मोठ्या चाचणीला पाठवायचं. निकष तेच ठेवले, खाली आणले नाहीत. डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि लॉरा जुलियानो यांनी हा अभ्यास २०१६ मध्ये छापला. त्या वर्गांतलं हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण १३० टक्क्यांनी वाढलं, कृष्णवर्णीय मुलांचं ८० टक्क्यांनी. म्हणजे हुशार मुलं तिथंच होती, बाकावरच, कुणी नाव सुचवलं नव्हतं इतकंच. नंतर मंदीत पैसे कमी पडले, चाचणी बंद केली, आणि गाडी परत मूळपदावर.

आणि नवोदयची परीक्षा. तुम्हाला ती लांबून स्वच्छ दिसते, दोन तासांत ८० प्रश्न, १०० मार्क, मराठीतूनही देता येते, मुलाखत नाही, देणगी नाही. खरंय, आणि मी तिच्या बाजूचाच आहे. पण त्यातले निम्मे मार्क मानसिक क्षमतेचे असतात, सगळ्या आकृत्या. एक प्रश्नप्रकार असा की कागदाची घडी घातलेली, त्यावर भोक पाडलंय, उलगडला की कसा दिसेल. शहरातल्या अकॅडमीत पोरं असले पाचशे प्रश्न सोडवून येतात. आमच्या शाळेत एका पोरीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती गप्प बसून राहिली, मग मी जुन्या पेपरची चौकोनी घडी घातली, खिळ्यानं आरपार भोक पाडलं आणि तिच्या हातात दिली. तिनं एकेक घडी उलगडत भोकं मोजली, एक, दोन, चार. दुसऱ्या घडीला तिनं उलगडायच्या आधीच बोट ठेवून दाखवलं, इथं इथं इथं. अर्धा तास लागला सगळा. तो अर्धा तास आणि रद्दीचा पेपर मिळाला नसता तर परीक्षेच्या कागदावर ती "मंद" निघाली असती.

तुमच्या मुलीला टीजे मिळालं तर आनंदच. नाही मिळालं तर तिच्या शाळेत पुढचं गणित आहेच, तुम्हीच लिहिलंय. ज्या शाळेत ते नाही तिथल्या मुलीला दीड टक्क्यातून जागा मिळते, हे मला तरी खटकत नाही. मंडळात हे वाचून दाखवू नका, यंदा मोदक खा.

प्रश्न : मी झेडपी शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात १९ मुलं, फॉर्म तिघांचेच भरले कारण बाकीचे पालक ऊसतोडीला गेलेत, सह्या आणि आधारची भानगड. तिघांतला एकही नाही लागला. त्यातला एक मुलगा आठ दिवस झाले शाळेत येत नाही. पुढच्या वर्षी परत बसवता येईल का? – एक गुरुजी, धाराशिव जिल्हा

उत्तर : नाही सर, सहावीची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, कुठल्याही कारणानं दुसऱ्यांदा नाही. पण आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, ती त्याच जिल्ह्यात आठवी करत असेल तर देता येते. जागा थोड्या असतात, काही वर्षी मोजक्याच. त्याआधी स्कॉलरशिपची परीक्षा आहे, ती आता पाचवी-आठवीऐवजी चौथी-सातवीला केलीय, म्हणजे सातवीत ती त्याला द्यायला लावा. आणि आठवीला एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर निवडलेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार, ते त्याच्या खात्यात येतात.

त्याच्या घरी जा, शाळेत ये म्हणून नका सांगू, त्याला मदतीला बोलवा. आता चौथीतल्या पोरांच्या फॉर्मची तयारी आहे म्हणा, कोणाचं आधार आहे कोणाचं नाही याची यादी त्याला करायला द्या, पोरगं मार्कापुरतं नापास झालंय, कामातून गेलेलं नाही.

आणि ते १६ जण. पुढच्या पोरांचं तसं होऊ नये म्हणून सांगतो. फॉर्म ऑनलाइन आणि फुकट आहे, लागतं काय तर मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, आधार नाहीतर रहिवासाचा पुरावा, आणि मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणजे सह्या ऑगस्टमध्येच घेऊन ठेवायच्या. पोळ्याला सगळे गावात असतात. मी पोळ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसायचो, पांढरा कागद, काळं पेन आणि अंगठेवाल्यांसाठी स्टॅम्पपॅड घेऊन. बैल मिरवून झाले की एकेक जण यायचा.