व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे तर लोकांचे चॅट बाहेर येतात कसे? टेलिग्रामवर जावं का?

प्रायव्हसीसाठी टेलिग्रामवर जाणार असाल तर जाऊ नका, तिथे उलटा प्रकार आहे. टेलिग्रामचे साधे चॅट एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाच, अगदी कंपनीलाही, वाचता येणार नाहीत असे, नसतातच, सिक्रेट चॅट मुद्दाम वेगळं सुरू करावं लागतं आणि ग्रुपला तर ती सोयच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०१६ पासून सगळ्यांच्या पर्सनल चॅटला ते आपोआप आहे आणि त्यासाठी प्रोटोकॉल, म्हणजे मेसेजला कुलूप लावायची पद्धत, सुद्धा सिग्नल नावाच्या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपचीच वापरलीय.

मग चॅट बाहेर कसे येतात? २०२० मध्ये मुंबईत ती फिल्म इंडस्ट्रीतली ड्रग्ज केस चालू होती, टीव्हीवर दिवसभर कोणाकोणाचे जुने चॅट वाचून दाखवायचे, तेव्हा ट्रेनमध्ये पण लोक बोलायचे की एन्क्रिप्शन वगैरे सगळ्या थापा आहेत. थापा नाहीत हो. एन्क्रिप्शन मेसेज जाता-येता मधल्या कोणी वाचू नये म्हणून असतं, एकदा पोचला की तो तुमच्या आणि समोरच्याच्या फोनवर सरळ वाचता येतो, त्यामुळे अनलॉक केलेला फोन हातात आला की काही तोडावंच लागत नाही. दुसरी वाट बॅकअपची. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप एन्क्रिप्ट करायची सोय २०२१ मध्ये आली पण ती आपण स्वतः चालू करावी लागते, आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं.

पण आपल्यासारख्या साध्या माणसाला खरा धोका मला झेरॉक्सच्या दुकानात वाटतो. कुठल्याही स्टेशनबाहेर बघा, माणसं घाईत दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात, आधार-पॅनची प्रिंट काढतात आणि लॉगआउट न करता ट्रेन पकडायला पळतात, मग तिथे बसलेल्या कोणालाही त्यांचे चॅट दिसत राहतात, फोन त्यांच्या खिशात असला तरी. किंवा दुकानदाराच्या नंबरवरच फाइल पाठवतात, ती त्याच्या फोनमध्ये किती दिवस पडून राहील कोण सांगणार. हे बघून मला खरंच काळजी वाटते, खास करून वयस्कर माणसांची, कारण त्यांना कोणी हे सांगतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस आहे, तिथे तुमचं अकाउंट अजून कुठे कुठे उघडं आहे ते दिसतं, ते आजच उघडा आणि ओळखीचं नसलेलं सगळं लॉगआउट करा. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन पण लावून टाका, म्हणजे कोणी गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढला तरी पिनशिवाय त्याच्या फोनवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप लगेच चालू होत नाही.

आता सिग्नल. मेसेज वाचता आला नाही तरी तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता ही माहिती उरतेच, आणि व्हॉट्सअ‍ॅप फेसबुकवाल्या मेटा कंपनीचं आहे, तिथे अशी बरीच माहिती गोळा होते. सिग्नल ती ठेवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे एका युजरची माहिती मागितली गेली, तर त्यांच्याकडे द्यायला अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं एवढंच होतं. म्हणून पत्रकार, वकील किंवा घरात कोणाच्या जाचात असलेली बाई असेल तर मी सरळ सिग्नल सांगेन, डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज, चालू करून. बाकी सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप काही सिग्नलवर येणार नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू दे, फक्त वरच्या सेटिंग करा आणि आईबाबांच्या फोनवर पण स्वतः बसून करून द्या.