चौघांच्या क्वार्टेटला पगार असतो का?

पत्र : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. नऊ वर्षांची असल्यापासून मिरजेत पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची सहावी ग्रेड झाली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात तिने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातल्या चार वादकांचं क्वार्टेट ऐकलं. तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणून बसली आहे. तिचे बाबा म्हणतात, इंजिनिअरिंग कर आणि छंद म्हणून वाजव. मामा म्हणतो, विशारद कर, निदान शिक्षिका होशील. ऑर्केस्ट्रात नोकरी असताना ही माणसं वेगळा ग्रुप का काढतात? त्याचा पगार मिळतो का? आणि मिरजेहून तिथं जायची वाट आहे का? तिच्या सरांकडे सांगलीचा एक मुलगा सोडला तर त्या वयाचं दुसरं कुणी शिकत नाही.
— एक आई, मिरज

ताई, नमस्कार.

पगाराचं आधी सांगते, कारण घरात वाद त्यावरूनच चालला असणार. क्वार्टेटचा पगार नसतो. पगार ऑर्केस्ट्राचा. क्वार्टेटला मैफलीचं मानधन मिळतं, ते चौघांत वाटलं जातं आणि त्याचा सराव नोकरीच्या तासांबाहेर करावा लागतो. केवळ क्वार्टेटवर घर चालवणारे गट जगात आहेत, पण थोडे, आणि त्यातलेही बरेच जण शिकवून बाकीचं भागवतात. म्हणजे तुमच्या मुलीने जे पाहिलं ते ‘करिअर’ म्हणून शोधायचं असेल तर त्याचं नाव ऑर्केस्ट्रातला वादक हेच आहे.

मग नोकरी असताना ही माणसं हा व्याप का करतात? तुम्ही भजनी मंडळ ऐकलंय, त्यावरून सांगते. वीस टाळकरी एकच ठेका धरतात, त्यात एखाद्याचा हात मागे पडला तर बाकीचे सांभाळून नेतात. पखवाजवाला मात्र एकटा असतो, तो चुकला की सगळं भजन अडखळतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनच्या गटातच चौदा-सोळा जण बसतात आणि सगळे एकच ओळ वाजवतात. लय समोर उभं राहून हातवारे करणाऱ्या कंडक्टरची, चढउतारही त्याचेच. क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा एक व्हायोला आणि खर्जातला एक मोठा चेलो. चौघांची चार वेगळी कामं, कंडक्टर नाही. सुरुवात एकाच्या श्वासावर आणि गज उचलण्यावर होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज दाबायचा, कुणाला पुढे येऊ द्यायचं, हे चौघांनी भांडून ठरवायचं. वर्षानुवर्षं सोळांतला एक म्हणून वाजवणाऱ्या माणसाला स्वतःचा सूर पुन्हा सापडतो तो इथे. त्याच कानाने तो ऑर्केस्ट्रात परत जातो तेव्हा तिथलंही वादन सुधारतं. म्हणून चांगले ऑर्केस्ट्रा अशा गटांना आडकाठी करत नाहीत, उलट त्यांना वाव देतात.

बर्लिन फिलहार्मोनिकचं उदाहरण घ्या. तिथल्या बारा चेलोवादकांनी 1972 मध्ये एकत्र वाजवायला सुरुवात केली आणि तो गट आजही चालू आहे. 1983 मध्ये त्याच ऑर्केस्ट्रातल्या आठ जणांनी शारून एन्सेम्बल काढलं. नाव घेतलं त्यांच्या सभागृहाचे वास्तुविशारद हान्स शारून यांचं. आठच का? संगीतकार शुबर्टने 1824 मध्ये लिहिलेल्या ऑक्टेटला, म्हणजे आठ वाद्यांच्या रचनेला, क्लॅरिनेट, बसून (हेही फुंकून वाजवायचं वाद्य), हॉर्न, दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस लागतात. ही आठ वाद्यं अव्वल हातांत एका छताखाली मिळणार कुठे, तर ऑर्केस्ट्रातच! आधी ऑर्केस्ट्रा असतो, मग त्याच्या पोटातून असे गट निघतात. हा क्रम मुलीला नीट समजावा, कारण ती शेवटच्या पायरीवर नजर ठेवून पहिली पायरी शोधते आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं आणि पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात व फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्येही वाजवलं. प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे ते वडील. मुलीला त्यांच्याबद्दल वाचायला सांगा.

आता अवघड भाग. एनसीपीएने 2006 मध्ये सुरू केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हाच आपल्या देशातला व्यावसायिक म्हणावा असा ऑर्केस्ट्रा, आणि त्याच्याही निवासी वादकांत कझाकस्तानातून आलेले बरेच. त्यातली एखादी खुर्ची मिळेल असं धरून आयुष्य आखता येणार नाही. बाहेरच्या देशांत जागा जास्त, पण तिथल्या वादक निवडायच्या परीक्षेला पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून रोज गज धरणारी मुलं बसतात. अनेक ऑर्केस्ट्रांत पहिली फेरी पडद्याआडून होते. परीक्षकांना चेहरा दिसत नाही, प्रमाणपत्रं दिसत नाहीत, मोझार्टचा कॉन्चेर्तो (एकल वादकासाठीची रचना) आणि ठरलेल्या सिम्फन्यांतले अवघड तुकडे फक्त ऐकू येतात. सोळाव्या वर्षी सहावी ग्रेड म्हणजे मेहनती मुलगी, एवढंच मी म्हणेन. आठवी म्हणजे शेवटची ग्रेडसुद्धा या रस्त्यावर उंबरठाच आहे.

म्हणून ग्रेडवर निर्णय घेऊ नका. मुंबईत ऑर्केस्ट्रात प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकाकडे तिला घेऊन जा. एनसीपीएची स्वतःची संगीत अकादमी 2012 पासून आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत. तासभर वाजवून घ्या आणि मुलीसमोरच विचारा : उजव्या हातात मुळातून बदलावं असं काही आहे का, आणि दोन वर्षांत ही परदेशातल्या प्रवेश परीक्षेला उभी राहील का? सरांना हे आधी सांगून जा, त्यांच्या पाठीमागे नको. उत्तर ‘हो’ आलं तर महिन्यातून दोन फेऱ्यांचा खर्च धरा. ‘हो’ आलं तर जर्मनीचाही विचार करा. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही (बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात). राहण्याचा खर्च मात्र आधी दाखवावा लागतो. प्रवेश परीक्षेत वादनाबरोबर स्वरलेखन, कानाची परीक्षा आणि बहुधा थोडा पियानोही असतो. जर्मन भाषा आत्तापासून हवी.

एक गोष्ट सरांशी जरूर बोला : व्हायोला. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, एक पंचम खाली जुळवलेला. व्हायोलिन वाजवणारे ढीगभर, व्हायोलावाले कमी, आणि क्वार्टेट जमवायचं म्हटलं की शोधाशोध नेमकी त्यांचीच. व्हायोलिनवरून तिकडे वळलेले नामवंत वादक पुष्कळ आहेत. मुलीला हा दुय्यमपणा वाटेल, म्हणून आधी तिला एकदा नुसता ऐकू द्या, त्या मधल्या आवाजाची ओढ लागते का बघा.

मामांच्या विशारदबद्दल. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार मिरजेतूनच चालतो, म्हणून ते सोयीचं वाटणं साहजिक आहे. पण विशारद हिंदुस्थानी संगीताची. आपल्या पद्धतीत व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, तारा षड्ज-पंचमात लावतात, मींड हा जीव असतो. तुमची मुलगी उभी राहून, प्रत्येक तार शेजारच्या तारेची पंचम ठेवून वाजवते. प्रमाणपत्रासाठी दोन्ही हात मोडू नयेत. मिरजेच्या बैठका मात्र तिने चुकवू नयेत, तंबोऱ्यात मुरलेल्या कानाचा तिला कुठेही उपयोगच होईल.

बाबांना म्हणावं, बारावी पूर्ण होईलच आणि सीईटीही द्यावी, त्याला माझा विरोध नाही. पण ‘आधी डिग्री, मग वाद्य’ हे मी आता कुणाला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाला सांगितलं होतं. हॉस्टेलवर चार वर्षं त्याचं वाद्य पेटीत राहिलं. परत आला तेव्हा बोटं ऐकेनात, आणि तो माझ्यासमोर बसून रडला. तो सल्ला माझा होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. इंजिनिअरिंगच ठरलं तर घराजवळचं सांगलीचं वालचंद कॉलेज कितीही चांगलं असलं तरी मी मुंबईचं कॉलेज निवडायला सांगेन. तिथे शिक्षक आहेत आणि 1962 साली सुरू झालेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारखी हौशी वादकांनाही जागा देणारी परंपरा आहे. वाद्य रोज हातात राहील.

आणि क्वार्टेटचं? त्यासाठी जर्मनीपर्यंत थांबायला नको. बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी तरुण वादकांना घडवताना त्यांना लहान गटांत वाजवायला लावते, कारण दुसऱ्याचं ऐकत आपलं वाजवणं तिथेच अंगी बाणतं. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय, ‘सांगलीचा एक मुलगा सोडला तर...’. हंगेरीचा संगीतकार बार्टोक याने 1931 मध्ये दोन व्हायोलिनसाठी 44 छोटे ड्युएट लिहिले, सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारे, विद्यार्थ्यांसाठीच. दोनच वादक पुरतात. सर बाजूला बसतील, पण हाताने ताल देणार नाहीत, एवढी अट घाला. पुढच्या रविवारी दोघं पहिला ड्युएट घेऊन बसू देत. त्या मुलाच्या घरी आजच फोन करा.