गोल, म्हणजे नळीसारखं, विणायला घेतेस ना? मग पहिली फेरी जप

टाके घालून झाले की सुया टेबलावर ठेव आणि टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला वळव. एकही टाका सुईभोवती फिरलेला नको. पीळ राहिला आणि विणकाम पुढे गेलं, की उसवण्यावाचून इलाज नाही. मला विचारशील तर दोन ओळी सपाट, म्हणजे जाऊन-येऊन, विणून मगच दोन्ही टोकं गोलात जोड. पीळ लगेच दिसतो, आणि राहिलेली फट सुरुवातीच्या धाग्याने शिवता येते.

मध्यम पायाच्या मोज्याला बारीक लोकर, २.५ मिमीच्या सुया आणि ६४ टाके घे, म्हणजे दोन सुलट, दोन उलट बॉर्डर बरोबर बसते. लोकरीत थोडं नायलॉन हवंच, नाहीतर टाच लवकर विरते. टाके सैल घाल, घट्ट कड टाचेवरून चढत नाही.

स्वेटरची गोल सुई घेराहून लहान हवी. ९५ सेंमी घेराला ८० सेंमीची चालते. नमुना, म्हणजे माप काढायचा छोटा तुकडा, तोही गोलच विण. साध्या विणीत गोलात नुसते सुलट टाके येतात, सपाट विणताना एकाआड एक ओळ उलट येते, आणि पुष्कळजणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो, म्हणून सपाट नमुन्याचं माप फसवतं. नमुना धुऊन, वाळवूनच मोज.