सेकंड इयर, एक बॅकलॉग आणि उडालेली झोप

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: सेकंड इयर इंजिनिअरिंग, गाव उदगीरकडचं, पुण्यात नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहतोस. फर्स्ट इयरचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिलाय, सबमिशन तोंडावर आलंय. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही, गणिताचं पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. फीसाठी वडिलांनी कर्ज काढलंय म्हणून घरी 'सगळं ठीक' एवढंच सांगतोस. आणि शेवटी विचारलंयस, 'मी मनाने कमजोर आहे का?' मी पुण्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवते, जीएफएम म्हणजे पालक-शिक्षक म्हणून मुलांच्या अडचणीही बघते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कमजोर अजिबात नाहीस. धोका जाणवला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. ॲड्रेनलिन हे हार्मोन वाढतं, ठोके वाढतात, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. धोका टळला की हे सगळं उतरायला हवं. तुझा धोका मात्र टळतच नाही, कारण एम-टू, सबमिशन आणि कर्ज रात्री कॉटवर पडल्यावरही डोक्यात असतात.

थोडा ताण कामाचाच असतो. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की काम सोपं असेल तर जास्त दडपणही चालून जातं, पण काम अवघड असेल तर थोड्याशा जादा दडपणानेही ते बिघडतं. माणसाचं सगळंच उंदरांसारखं नसतं, पण वर्गात मला हे दरवर्षी दिसतं. जर्नल उतरवून काढायला मुलं तासन् तास बसतात, कारण त्यात डोकं लागत नाही. इंटिग्रल समोर आलं की तीच मुलं उठून चहाला जातात. याला आळशीपणा म्हणू नकोस. दडपण उतरल्याशिवाय अवघड गणित सुचतच नाही.

म्हणून माझ्या मते सुरुवात झोपेपासून कर, अभ्यासापासून नको. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. रात्र जागून चार जादा पानं वाचली तरी पेपरात ती आठवत नाहीत. उठायची वेळ ठरव, समज सात, आणि झोप तीनला लागली तरी सातलाच ऊठ. दुपारी लांबलचक झोपू नकोस. पहिले काही दिवस जड जातील, मग रात्री डोळे आपोआप मिटायला लागतील. रात्री बाराला टपरीवर जाऊन चहा-कॉफी घेत असशील तर ते बंद कर. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉटवर अभ्यास करू नकोस, मोबाईलही बघू नकोस. कॉट फक्त झोपायला. अभ्यास लायब्ररीत किंवा अभ्यासिकेत. पडून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर ऊठ, बाहेर पॅसेजमध्ये बस, डोळे जड झाले की परत ये. रूममेट्स जागे असतील तर कानात बोळे घाल, डोळ्यांवर रुमाल टाक. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे 'सगळंच राहिलंय' हे वाक्य. गेल्या सेमला एक मुलगी माझ्याकडे हेच सांगत आली. आम्ही एका जुन्या प्रॅक्टिकल शीटच्या पाठीमागे लिहायला बसलो: कुठला विषय, कितवं एक्सपरिमेंट, रायटअप झालंय का, सही कोणाची बाकी आहे. लिहून झालं तेव्हा कागद अर्धासुद्धा भरला नव्हता. त्यातल्या दोन सह्या तर तिने त्याच दुपारी घेतल्या. तूही तसंच लिहून काढ. त्यात पहिली ओळ ही टाक: एम-टूचा परीक्षा फॉर्म भरलाय का? अभ्यासाच्या नादात फॉर्मची तारीख चुकवणारी मुलं मी पाहिली आहेत.

एम-टूसाठी जुने पेपर काढ. एंडसेमचा, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटचा, पेपर ७० मार्कांचा असतो आणि प्रश्नांना पर्याय असतात, त्यामुळे आधी दोन युनिट्स हातखंडा कर. सोडवलेलं उदाहरण वाचून 'समजलं' म्हणू नकोस. वही मिटून स्वतः सोडव. धडधड सुरू झाली तर चार आकड्यांपर्यंत श्वास घे, सहापर्यंत सावकाश सोड, दोन-तीन मिनिटं. लांब उच्छ्वासाने ठोके खरंच मंदावतात.

'तळजाईला जा, वेताळ टेकडी चढ, सगळं ठीक होईल' असं सांगणारे पुण्यात भरपूर भेटतील. चालण्याने मन हलकं होतं आणि झोपही सुधारते, हे खरंच आहे. पण बॅकलॉग तेवढ्याने सुटत नाही.

एकदा डॉक्टरांनाही दाखव. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉईड बिघडलं असेल तरी धडधड होते, आणि मेस चुकवून वडापाववर दिवस काढणाऱ्या मुलांत अशक्तपणा असतोच. तपासण्या नीट आल्या आणि तरीही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट किंवा ससूनच्या मानसोपचार ओपीडीत जा. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदाही आला, तर उद्यावर ढकलू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री खोलीत एकटा राहू नकोस, रूममेटला उठव.

राहिलं घर. रोज फोनवर 'सगळं ठीक' म्हणताना तुला अभ्यासाच्या ताणावर लपवण्याचा ताणही सोसावा लागतोय. लांबलचक कबुली द्यायची गरज नाही. 'आई, एक विषय राहिलाय, त्याचा फॉर्म भरलाय, अभ्यास चालू आहे, पण झोप नीट लागत नाहीये', एवढं पुरे. रविवारी सकाळी फोन कर, तेव्हा सगळे निवांत असतात. वडील आधी चिडतील, कदाचित कर्जाचा विषयही निघेल. तेव्हा लगेच वाद घालू नकोस, फोनही ठेवू नकोस, फॉर्म भरल्याचं आणि पेपर कधी आहे ते सांग. तुझी मोठी बहीण लातूरला असते असं लिहिलंयस ना, मग आधी ताईशी बोल आणि ती घरी गेली असेल त्या रविवारीच हा फोन कर.