एकाच आठवड्यात एफटीपीचे तीन आकडे आले आहेत; कोणता धरावा?

एफटीपी म्हणजे सायकलवर साधारण तासभर टिकवता येईल अशी सर्वाधिक पॉवर, वॅटमध्ये. आपल्या प्रश्नानुसार रॅम्प टेस्टमध्ये आपला एफटीपी 248 वॅट आला, 20 मिनिटांच्या टेस्टमध्ये 231, आणि राइडचे विश्लेषण करणाऱ्या इंटरव्हल्स.आयसीयू या संकेतस्थळावर तो 239 दिसतो. यांपैकी एकही आकडा चुकीचा आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी आपला वेगळा प्रयत्न मोजला गेला आहे आणि उरलेले अंतर गृहीतकाने भरून काढले आहे.

रॅम्प टेस्टमध्ये दर मिनिटाला वॅट वाढत जातात आणि पाय थांबल्यावर सर्वोत्तम एका मिनिटाच्या सरासरीचे 75 टक्के घेतले जातात. झ्विफ्ट आणि ट्रेनररोड या दोन्ही सराव ॲपच्या रॅम्पचा हिशेब असाच आहे. आपला आकडा 248 आला, याचा अर्थ अखेरचे मिनिट 330 वॅटच्या आसपास गेले असणार. हे 75 टक्के सर्वसाधारण सायकलस्वाराला लागू पडतात. ज्याच्या पायांत थोड्या वेळाचा जोर भरपूर आहे त्याचा आकडा फुगतो, तर बीआरएमसारख्या लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्याचा बहुधा कमी येतो.

20 मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरीचे 95 टक्के धरतात. आपली सरासरी 243 असावी. हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांनी रूढ केलेल्या मूळ पद्धतीत या 20 मिनिटांपूर्वी 5 मिनिटे जीव तोडून पेडल मारायचे असते, जेणेकरून तो थोड्या वेळाचा जोर आधीच खर्ची पडेल. पुष्कळ जण हा भाग गाळतात आणि 95 टक्के मात्र तसेच ठेवतात, त्यामुळे 231 हासुद्धा किंचित चढा असू शकतो.

हे पडताळायला क्रिटिकल पॉवरचा, म्हणजे राखीव साठा न वापरता बराच वेळ टिकणाऱ्या पॉवरचा, हिशेब मला फार उपयोगी वाटतो. समजा, वेगळ्या दिवशी ताज्या पायांनी आपण 5 मिनिटे 300 वॅट काढलेत. ते काम 90 किलोज्यूल झाले, 20 मिनिटांचे 291.6 झाले, दोन्हींतल्या 201.6 किलोज्यूलच्या फरकाला वेळेतल्या 900 सेकंदांच्या फरकाने भागले की 224 वॅट ही क्रिटिकल पॉवर मिळते, आणि सुमारे 23 किलोज्यूल हा त्यावरचा राखीव साठा ठरतो. रॅम्पचा आकडा या साठ्याच्या बळावरच वर जातो.

इंटरव्हल्स.आयसीयू आपल्या राइडमधला ठरावीक वेळेपेक्षा लांब असा एकच जोरदार प्रयत्न घेऊन तो पॉवर आणि वेळ यांच्या ठरलेल्या वक्रावर बसवते, म्हणून प्रयत्न 5 मिनिटांचा होता की 25 मिनिटांचा, यावर आकडा हलतो. झर्ट हे सराव ॲप दमछाकीपर्यंत केलेल्या प्रयत्नांवरून थ्रेशोल्ड (एफटीपीसारखीच टिकणारी पॉवर), साठा आणि कमाल जोर हे तिन्ही एकत्र ठरवते. गार्मिनचे घड्याळ किंवा सायकल कॉम्प्युटर पॉवरच्या जोडीला हृदयाचे ठोकेही पाहते, त्यामुळे बंद खोलीतल्या उकाड्याचाही तिथे परिणाम होऊ शकतो.

मी स्वतः एक हंगाम रॅम्पच्या आकड्यावर सराव केला. थ्रेशोल्डच्या प्रत्येक सत्रात तिसऱ्या इंटरव्हलला कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 90 वरून 70 वर येई आणि मी दोष इच्छाशक्तीला देत राहिलो. आकडा 14 वॅटने खाली आणल्यावर तीच सत्रे पूर्ण होऊ लागली.

म्हणून आपण सध्या 231 धरावेत. पंखा लावून, ताज्या पायांनी, त्याच पॉवर मीटरवर 231 वॅटने 40 मिनिटे सलग चालवून पाहावे. 25 मिनिटांतच श्वास आवरेनासा झाला तर 225 घ्यावेत, आणि शेवटी पाय मोकळे वाटले तर पुढच्या आठवड्यात 5 वॅट वाढवावेत.