ख्रिस्ती शेजारणीला तिच्या श्रद्धेवरून त्रास होत असेल, तर आपण काय करावे?

आपल्या इंदूरच्या गल्लीतील एका ख्रिस्ती बाईंना घरी प्रार्थना करतात म्हणून काही मंडळी धमकावत आहेत, सासरचेही त्यांच्यावर उठले आहेत, आणि आपण स्वतः ख्रिस्ती नसताना त्यांना कशी मदत करावी, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचीच असून अशा काही स्त्रियांबरोबर ठाण्यात आणि न्यायालयात गेलेली आहे, म्हणून लिहिते.

आधी त्यांना एकट्यात भेटून काय हवे आहे ते विचारा. तक्रार करायची, काही दिवस माहेरी जायचे, की तूर्त कोणी सोबत असावे एवढेच हवे आहे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. त्यांचे नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपवर मुळीच फिरवू नका. कळकळीने पाठवलेला मजकूरही धमकावणाऱ्यांच्या हाती पडायला वेळ लागत नाही.

त्या तक्रारीला तयार असतील, तर ती लेखीच द्या आणि सोबत जा. एका बाईंनी अर्जात ‘मला धर्मावरून त्रास दिला जातो’ एवढेच लिहिले होते. ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आम्ही तो पुन्हा लिहिला: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण दारात आले, नेमके कोणते शब्द वापरले, आणि त्या ज्यांना डबे पुरवत होत्या त्यांनी ते कोणाच्या सांगण्यावरून बंद केले. शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. ठाण्याने नोंद नाकारली, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद, असा मार्ग आहे.

‘तुमच्यावरच धर्मांतराचा गुन्हा घालू’ ही धमकी सर्रास दिली जाते आणि तिनेच बायका गप्प बसतात. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य अधिनियमाच्या कलम ४ नुसार अशी तक्रार धर्मांतरित व्यक्ती, तिचे आईवडील किंवा भावंडे करू शकतात. इतर नातेवाइकांना न्यायालयाची परवानगी लागते. गल्लीतल्या कोणाही माणसाला तो अधिकार नाही, आणि स्वतःच्या घरात प्रार्थना करणे हा गुन्हाच नाही. तरीही वकील लवकर गाठा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

सासरच्यांनी घराबाहेर काढण्याची भाषा केली, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवरूनही मदत मागता येते.

अशा प्रसंगी आपल्याकडे सिस्टर राणी मारिया यांचे उदाहरण हमखास दिले जाते. आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवणाऱ्या या जोगिणीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधून ओढून हत्या झाली, आणि पुढे त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी मारेकऱ्याला राखी बांधली. ही क्षमा मला फार मोठी वाटते. पण ती त्या बहिणीने स्वतःहून केली होती, कोणी समजूत घातली म्हणून नव्हे. आपल्या शेजारणीला अजून धमक्या येत असताना ‘जाऊ द्या, माफ करा’ असे कोणी सुचवले, तर त्याला तिथेच थांबवा.

आणखी एक काम आजच करता येईल. त्यांची संमती असेल, तर आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, पासबुक आणि अर्जाची पोच, या सर्वांच्या झेरॉक्स प्रती आपल्या घरी ठेवून घ्या. एखाद्या रात्री अचानक घर सोडावे लागले, तर नेमके हेच कागद मागे राहून जातात.